शिक्षा सरकारची, भरपाई कोणाची?

चारशें वीस हा आंकडा मराठी भाषेंत विशेषण होऊन बसला आहे. दंडसंहितेचें पान ज्यानें जन्मांत उलटलें नाहीं असा मनुष्यहि अमुक गृहस्थ 'चारशें वीस' आहेत असें सहज बोलून जातो. ज्या पुस्तकांतलें तें कलम, तें पुस्तक १ जुलै २०२४ पासून गेलें, त्याच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली व तींत फसवणुकीचें कलम ३१८ वें झालें. पण बाजारांतला चारशें वीस होता तेथेंच आहे. ह्याच्या उलट 'अपकृत्य' हा शब्द पहा. वकिलाच्या कचेरीबाहेर तो कोणाच्या बोलण्यांत आल्याचें आमच्या तरी ऐकिवांत नाहीं. वास्तविक शेजाऱ्यानें भिंत पुढें सरकविली, गाडीवाल्यानें धक्का दिला, कोणीं चारचौघांत अब्रू घेतली, घडणावळीस दिलेलें सोनें परत मिळेना, ह्या नित्याच्या तक्रारींपैकीं बहुतेकांचा विचार त्या न ऐकलेल्या शब्दाखालींच व्हावयाचा असतो. दुसऱ्याचा गुन्हा कोणता हें ठाऊक असावें आणि आपला हक्क कोणता हें ठाऊक नसावें, ही स्थिति आम्हांस मोठी घातक वाटते. हिच्यापायीं कित्येक लोक न्याय मागावयास जातात आणि रिकाम्या हातानें घरीं येतात.

अपकृत्य म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. कोणताहि करारनामा झालेला नसतांहि, केवळ एका समाजांत राहतों म्हणून, दुसऱ्याच्या शरीरास, मालास, जागेस व अब्रूस अपाय होऊं न देण्याचें बंधन आपणां प्रत्येकावर असतें. तें मोडलें म्हणजे झालेल्या अपायाची किंमत भरून देण्याची जबाबदारी येते. ही वसुली दिवाणी न्यायालयांतून होते आणि पैसा ज्याचें नुकसान झालें त्याच्या हातीं पडतो. गुन्ह्याची गोष्ट निराळी. तेथें मार कोणीहि खाल्लेला असो, खटला बहुधा सरकारच्या नांवानें चालतो. शिक्षा होते ती समाजाच्या वतीनें, आणि दंड झाला तर तो सामान्यतः सरकारी खजिन्यांत जमा होतो. एकाच कृत्याच्या पोटीं हे दोन्ही प्रकार संभवतात, दोन्ही एकाच वेळीं चालूं शकतात, आणि एक लागला म्हणून दुसरा बुडत नाहीं.

आमच्या लोकांस ह्यांपैकीं एकच मार्ग कां दिसतो, ह्याचें उत्तर थोडें इतिहासांत आहे. मेकॉलेच्या कमिशननें दंडसंहितेचा मसुदा १८३७ सालीं केला. तो १८६० सालीं कायदा झाला व १ जानेवारी १८६२ पासून अमलांत आला. १८७२ सालीं कराराचा व पुराव्याचा कायदा आला, १८८२ सालीं मिळकतींच्या हस्तांतरणाचा आला. अपकृत्यांचाहि कायदा करावा असें सरकारच्या मनांत आलें होतें, आणि सर फ्रेडरिक पोलॉक ह्या नामांकित पंडितानें १८८६ सालीं त्याचें विधेयक लिहूनहि दिलें. तें आज त्याच्या ग्रंथाच्या परिशिष्टांत वाचावयास मिळतें; कायद्याच्या पुस्तकांत तें कधींच गेलें नाहीं. परक्या राज्यास बंदोबस्त हवा होता म्हणून दंडाचा कायदा झाला, व्यापार हवा होता म्हणून कराराचा झाला. एका रयतेनें दुसरीचें, किंवा खुद्द सरकारच्या नोकरानें रयतेचें, केलेलें नुकसान भरून निघावें ह्याची घाई कोणास असणार? हें आमचें अनुमान आहे, व तें कोणास कडू लागेल तर लागो. परंतु १९४७ नंतर तरी काय झालें? २०२३ सालीं आमच्या संसदेनें दंडाचें, फौजदारी कारवाईचें व पुराव्याचें अशीं तिन्ही पुस्तकें नव्यानें लिहिलीं. पोलॉकच्या विधेयकाची धूळ मात्र कोणीं झटकली नाहीं. अपकृत्यांचा कायदा आजहि मुख्यतः न्यायाधीशांच्या निकालपत्रांत विखुरलेला आहे. रतनलाल व धीरजलाल ह्या मुंबईच्या जोडीनें दोन्ही विषयांवर ग्रंथ लिहिले व वकिलाच्या फळीवर ते शेजारीं शेजारीं उभे असतात. पण दुकानदाराच्या हातीं देण्याजोगें, संसदेनें मंजूर केलेलें असें एक पान अपकृत्यांविषयीं नाहीं.

एक अपवाद सांगितला पाहिजे. दंडसंहितेच्याहि पांच वर्षें आधीं, १८५५ सालीं, दुसऱ्याच्या चुकीनें मनुष्य दगावला तर त्याच्या बायकामुलांस व आईबापांस भरपाई मागतां यावी असा एक लहानसा कायदा झाला होता. दाव्याची मुदत दोन वर्षें. मोटारीच्या अपघातांपुरता निराळा कायदा झाल्यापासून ह्याची आठवण मागें पडली. तरी बांधकामाची परांची कोसळून किंवा उघड्या विजेच्या तारेनें माणूस गेला तर हाच कायदा घरच्यांच्या उपयोगी पडावयाचा.

आतां एक साधा तंटा घेऊं. बाजारपेठेंत हातगाडी आडवी लावण्यावरून दोघांची बाचाबाची झाली. एकानें दुसऱ्यास ढकलून पाडलें. पडलेला मनुष्य हमाल आहे असें समजा. हाड मोडलें नाहीं, पण खांदा असा दुखावला कीं दहा दिवस ओझें उचलवेना. तो चौकीवर जातो. कायद्याच्या भाषेंत ही साधी दुखापत. हाड मोडतें, किंवा पंधरा दिवस नित्याचा धंदा करतां आला नसता, तर ती जबर दुखापत ठरती. साधी दुखापत अदखलपात्र. म्हणून पोलीस नोंद करितात, नोंदीचा कागद हातीं देतात व मॅजिस्ट्रेटच्या हुकुमावांचून पुढें तपास करतां येत नाहीं असें सांगतात. ह्या कागदास आमच्याकडे 'एन्. सी.' म्हणतात, आणि घडी घालून खिशांत ठेवण्यापलीकडे त्याचा उपयोग फार थोड्यांस माहीत असतो. अशा नोंदींचा अहवाल दर पंधरवड्यास मॅजिस्ट्रेटकडे जावा असें नव्या नागरिक सुरक्षा संहितेनें घातलें आहे, तें बरें केलें. पण समजा कीं, ह्या हमालानें चिकाटी धरली, खटला उभा राहिला व आरोप शाबीत झाला. शिक्षा काय? एक वर्षापर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाचे रुपये सरकारांत गेले. दहा दिवसांच्या बुडालेल्या मजुरीचें व डॉक्टरच्या बिलाचें काय, हें त्यानें कोठेंच विचारलें नाहीं. कारण तें विचारावयाचें असतें हेंच त्यास कोणीं सांगितलें नव्हतें.

जागेच्या तंट्यांत तर ह्याहून विलक्षण प्रकार घडतो. शेजाऱ्यानें घर बांधतांना पाया वीतभर आपल्या हद्दींत घातला. तो प्रामाणिकपणें ती जागा आपलीच समजत असेल. दिवाणी कायद्यास त्याच्या समजुतीशीं कर्तव्य नाहीं. परवानगीवांचून दुसऱ्याच्या भूमींत शिरणें हेंच अपकृत्य, व तीन वर्षांच्या आंत भरपाईचा दावा चालतो. फौजदारी कायदा मात्र हेतु पाहतो. गुन्हा करण्याच्या, धाक घालण्याच्या, अपमान करण्याच्या किंवा त्रास देण्याच्या इराद्यानें कोणी शिरला असेल तरच तें फौजदारी अतिक्रमण. तेव्हां चौकीवरचा अंमलदार 'ही दिवाणी बाब आहे' असें म्हणतो तेव्हां बहुधा तो खरें बोलत असतो. पण ऐकणाऱ्यास वाटतें, शेजाऱ्यानें ह्याचे हात ओले केले. मग कोणी शहाणा त्यास वाट दाखवितो. फिर्यादींत एक वाक्य वाढवावयाचें: 'अश्लील शिवीगाळ करून जिवें मारण्याची धमकी दिली.' हें वाक्य आमच्या प्रांतांतील फिर्यादींत इतक्या वेळां येतें कीं, तें छापील नमुन्यांतच घालून ठेवावें अशी सूचना करण्याचा आम्हांस मोह होतो. धमकी खरोखर दिली असेल तर ती अवश्य लिहावी. दिली नसेल तर लिहिणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें कीं, उलटतपासणींत तेंच एक वाक्य उरलेल्या खऱ्या गोष्टींनाहि बुडवितें. निराधार आरोपाबद्दल आरोपीस भरपाई देवविण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटास आहे. आणि दुष्ट हेतूनें खोटा खटला केला तर तो करणें हेंच स्वतः एक अपकृत्य आहे, ज्याबद्दल सुटलेला आरोपी वर्षाच्या आंत उलट दावा लावूं शकतो.

ही प्रवृत्ति केवळ अडाण्यांची आहे असें मात्र कोणी समजूं नये. २००६ सालीं इंडियन ऑईलच्या एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट नोंद केली कीं, दिवाणी उपाय वेळखाऊ आहेत अशा समजुतीनें व्यापारी वर्ग दिवाणी तंट्यांस फौजदारी रूप देऊं लागला आहे. २०२५ च्या एप्रिलांत उत्तर प्रदेशांतील अशाच प्रकारांवर सरन्यायाधीश संजीव खन्ना ह्यांनीं कडक ताशेरे ओढले. आणि न वटलेल्या चेकचें काय? ती खरी पाहतां कराराची बाकी. पण १९८८ च्या दुरुस्तीनें तिला कैदेची जोड मिळाली, तेव्हांपासून तिच्या वसुलीचें काम मॅजिस्ट्रेटाकडे गेलें. ह्या तुंबलेल्या खटल्यांसाठीं २०२१ सालीं सर्वोच्च न्यायालयास पांच न्यायाधीशांचें पीठ बसवावें लागलें. त्याच सालीं त्या न्यायालयानें दुसऱ्या एका निकालांत ह्या गुन्ह्यास लांडग्याच्या कातड्यांतल्या मेंढीची उपमा दिली: कातडें फौजदारी, आंत दिवाणी. व्यापाऱ्यांची अडचण आम्ही जाणतों. हातांतला पैसा अडकला म्हणजे जो दरवाजा लवकर उघडेल तो मनुष्य ठोठावतो. दोष आहे तो दिवाणी दरवाजाचा. तो ठोठावण्याआधीं मागणीच्या रकमेवर कोर्ट फी भरावी लागते. चौकीवर फी नाहीं.

गंमत अशी कीं, ह्यांतले बरेचसे गुन्हे मूलतः खासगी आहेत हें फौजदारी कायदा आपण होऊनच कबूल करितो. साधी दुखापत, अतिक्रमण, बेअब्रू, खासगी माणसाचेंच नुकसान झालें असेल तेथवर आगळीक, हे सर्व गुन्हे ज्याला अपाय झाला त्याच्या संमतीनें मिटवितां येतात व मिटवले म्हणजे आरोपी निर्दोष सुटतो. खून किंवा दरोडा असा मिटत नाहीं. न्यायालयाच्या व्हरांड्यांत रोज ज्या तडजोडी होतात त्यांत पैसा हातोहात दिला जातो, तो काय असतो? तीच नुकसानभरपाई. फरक इतकाच कीं, किती द्यावयाची हें न्यायाधीश ठरवीत नाहीं. ज्याचा दबाव अधिक तो ठरवितो, आणि गरीब पक्ष मिळेल तें घेतो.

सोय जवळ केली तर लोक दिवाणी मार्गानें जातात ह्याचा पुरावा हवा असेल तर मोटार-अपघातांकडे पहावें. ड्रायव्हरवर हयगयीचा खटला एकीकडे चालतो, आणि १९८८ च्या मोटार कायद्याखालीं भरपाईचा अर्ज न्यायाधिकरणापुढें दुसरीकडे चालतो. ह्यांत विसंगत असें खेड्यांतल्या मनुष्यासहि कांहीं वाटत नाहीं. मृत्यूस पांच लाख व जबर दुखापतीस अडीच लाख रुपये, चूक कोणाची हें शाबीत न करितांहि मिळावे, अशी तजवीज २०१९ च्या सुधारणेनें केली. ड्रायव्हर फौजदारींत सुटला तर काय, ह्याचेंहि उत्तर १९८० सालींच मिळालें आहे. तामिळनाडूंत रात्रीच्या वेळीं एक बस खालीं लोंबणाऱ्या विजेच्या तारेस लागली, आठ जण जागींच मेले. ड्रायव्हर फौजदारी न्यायालयांत निर्दोष ठरला, म्हणून मालकानें भरपाई नाकारली. न्यायमूर्ति कृष्ण अय्यर ह्यांनीं तें म्हणणें फेटाळलें. तुरुंगांत घालण्यास जितका बेफिकीरपणा शाबीत व्हावा लागतो तितका भरपाईस लागत नाहीं. तेथें संशयातीत पुरावा हवा, येथें अधिक संभव कोणत्या बाजूचा हें पाहिलें जातें. वैद्यांच्या बाबतींतहि २००५ सालीं हाच भेद सर्वोच्च न्यायालयानें केला: फौजदारीस घोर निष्काळजीपणा पाहिजे, भरपाईस साधाहि पुरतो. आरोपी सुटला म्हणजे सर्व संपलें, असें मानून घरीं बसणाऱ्यांनीं हें लक्षांत घ्यावें.

बेअब्रूच्या प्रकरणांत हे दोन मार्ग एकमेकांजवळून जातात खरे, पण त्यांचे नियम किती निराळे! आम्हां वर्तमानपत्रकर्त्यांस ह्याची ओळख फार जुनी. १८८२ सालीं कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छळाविषयींच्या लेखांबद्दल दिवाण बर्वे ह्यांनीं टिळक व आगरकर ह्यांच्यावर फौजदारी फिर्याद केली. चार महिन्यांची साधी कैद झाली व डोंगरीच्या तुरुंगांत त्यांतले १०१ दिवस दोघांनीं काढिले. तेच टिळक छत्तीस-सदतीस वर्षांनीं विलायतेस गेले ते वादी म्हणून. व्हॅलेंटाइन चिरोल ह्यानें १९१० सालच्या आपल्या 'इंडियन अनरेस्ट' पुस्तकांत केलेल्या आरोपांबद्दल त्यांनीं भरपाईचा दिवाणी दावा लावला होता. १९१९ च्या फेब्रुवारींत लंडनच्या ज्यूरीनें तो फेटाळला व खर्चाचें ओझें लोकमान्यांवर पडलें. फौजदारींत आरोपी म्हणून हरले तेव्हां स्वातंत्र्य गेलें. दिवाणींत वादी म्हणून हरले तेव्हां पैसा गेला. दोन्ही मार्गांवर जाणाऱ्यास जी जोखीम असते ती एकाच चरित्रांत अशी क्वचितच दिसते.

आज ह्या दोन मार्गांतला भेद असा आहे. दिवाणी दाव्यांत लिहिलें तें खरें होतें एवढें शाबीत केलें कीं पुरे. फौजदारींत खरें असून भागत नाहीं. तें प्रसिद्ध करणें लोकहिताचें होतें हेंहि दाखवावें लागतें. म्हणजे ज्या सत्यासाठीं एक रुपयाहि द्यावा लागणार नाहीं त्याच सत्यासाठीं दोन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. मुदतीचें तर सर्वच उलटें. भरपाईचा दावा एका वर्षाच्या आंत करावयाचा. शिक्षेची फिर्याद तीन वर्षांपर्यंत. ज्याची अब्रू गेली त्यास थोडा वेळ आणि तुरुंगाची भीति घालणारास तिप्पट, ही योजना कोणत्या न्यायाची, हें आम्हांस समजत नाहीं. २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बेअब्रूचा गुन्हा घटनेस धरून आहे असें ठरविलें, व नव्या संहितेनें शिक्षांत समाजसेवेचा पर्याय घातला. आमचें मत असें कीं, अब्रूची किंमत दिवाणी न्यायालयानें करावी आणि तुरुंग दुसऱ्या कामांस मोकळा ठेवावा. व्यापारी बंधूंस सांगावयाचें तें इतकेंच कीं, प्रतिस्पर्ध्यानें आपली पेढी बुडाली अशी आवई उठविली असेल व गिऱ्हाईक तुटलें असेल, तर फौजदारी फिर्यादींत गुंतून वर्ष घालवूं नये. वर्ष संपलें कीं भरपाईचा दावा गेला.

आतां कोणी म्हणेल, गरिबानें दोन न्यायालयें कशीं चढावीं? हा आक्षेप खरा आहे, व त्यावर तोडगा कायद्यांतच पडून आहे. दोषी ठरविणाऱ्या न्यायालयानें दंडांतून, किंवा दंड नसेल तर निराळी रक्कम ठरवून, जखमीस भरपाई देववावी असें जुन्या फौजदारी कारवाईच्या कायद्यांत कलम ३५७ होतें. नागरिक सुरक्षा संहितेंत तें ३९५ झालें आहे. पुढें दिवाणी दावा झाल्यास ही रक्कम हिशेबांत धरावी असेंहि त्यांत आहे, म्हणजे दुहेरी वसुलीची भीति नाहीं. १९८८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें मारहाणींत वाचा गमावलेल्या एका जखमीस ५०,००० रुपये देवविले आणि हा अधिकार मोकळ्या हातानें वापरा असें सर्व न्यायालयांस सांगितलें. तरी तो वापरला जाईना. २०१३ चा महाराष्ट्रांतून गेलेला एक खटला तर वाचकांस आपल्याच वस्तींतला वाटेल. शेताजवळून जाणाऱ्या तिघांवर कुत्रें भुंकलें. एकानें कुत्र्यास लोखंडी नळीनें मारलें. कुत्र्याच्या मालकानें जाब विचारला. नळी मालकाच्या डोक्यांत बसली व तो मेला. जन्मठेपेचें प्रकरण शेवटीं पांच वर्षांवर आलें. पण मृताच्या कुटुंबास भरपाई द्यावी कीं न द्यावी, ह्याचा विचारच खालच्या न्यायालयांनीं केला नव्हता. तेव्हां तो विचार प्रत्येक खटल्यांत करणें व होय-नाहींचीं कारणें लिहिणें हें न्यायालयाचें कर्तव्य आहे असें सर्वोच्च न्यायालयास ठरवून सांगावें लागलें. फिर्यादीनेंहि ह्यांत हातावर हात ठेवून बसूं नये. औषधपाण्याचीं बिलें, बुडालेल्या मजुरीचा दाखला, मोडलेल्या मालाची किंमत, हें सर्व सरकारी वकिलाच्या हातीं पहिल्या दिवशींच द्यावें.

ही कल्पना परकीहि नाहीं. मनु व याज्ञवल्क्य ह्यांच्या स्मृतींत मारहाणीच्या प्रकरणीं राजाच्या दंडाबरोबर 'समुत्थानव्यय', म्हणजे जखमी पुन्हां उठून हिंडूंफिरूं लागेपर्यंतचा खर्च, मारणाऱ्याकडून देवविण्याचें सांगितलें आहे. त्याच स्मृतींत दंड जातीप्रमाणें कमीजास्त होतो, तो भाग ज्यांस प्रिय असेल त्यांनीं आपल्यापाशीं ठेवावा. आम्हांस त्याचें नांवहि नको. पण जखमीचा खर्च आधीं, ही दृष्टि टाकण्याजोगी नव्हती. दिवाणी व फौजदारी काम एकाच न्यायाधिकाऱ्यानें पहावें ही गोष्ट २००८ च्या ग्रामन्यायालय कायद्यानें मान्य केलीच आहे. तेव्हां अपकृत्यांचा एक लहान, सोप्या भाषेंतला कायदा करावा. लहान रकमांच्या दाव्यांस कोर्ट फी माफ असावी. आणि साध्या मारहाणीच्या व आगळिकीच्या खटल्यांत मॅजिस्ट्रेटानें भरपाईचा मुद्दा पहिल्याच तारखेस काढावा, अशी आमची मागणी आहे.

राहिली सोन्याची गोष्ट. सराफाकडे घडणावळीस दिलेलें सोनें त्यानें मोडून खाल्लें तर तो विश्वासघाताचा गुन्हा आहे व सोन्याची किंमत वसूल करण्याचा हक्कहि आहे. त्याच्या हयगयीनें दुकान उघडें राहून तें चोरीस गेलें तर त्याचा गुन्हा नाहीं, पण ठेव सांभाळणारा म्हणून जबाबदारी आहे. येथवर कायदा स्वच्छ आहे. पण तें सांभाळणारा सराफ नसून सरकार असेल तर? १९४७ च्या सप्टेंबरांत अमृतसरच्या एका पेढीच्या भागीदारास मीरत येथें पोलिसांनीं संशयावरून धरिलें व त्याच्याजवळचें १०३ तोळे सोनें आणि कित्येक शेर चांदी मालखान्यांत ठेविली. तो जामिनावर सुटला. चांदी परत मिळाली. सोनें मालखाना सांभाळणाऱ्या हवालदारानेंच लांबविलें व तो पाकिस्तानांत पळाला. येथें गुन्हा उघड होता, पण गुन्हेगार हातीं लागण्यासारखा नव्हता. पोलिसांचा निष्काळजीपणाहि न्यायालयानें मान्य केला. तरी १९६४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला तो असा कीं, धरणें व जप्ती हीं सार्वभौम सत्तेचीं कामें असल्यामुळें त्यांतल्या चुकीस सरकार जबाबदार नाहीं. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश गजेंद्रगडकर, साताऱ्याचे. त्यांसहि तो लिहितांना समाधान नव्हतें, आणि कायदेमंडळानें ह्याबद्दल कायदा करावा असें त्यांनीं त्यांतच सुचविलें.

सूचना नवी नव्हती. सेटलवाड ह्यांच्या अध्यक्षतेखालील विधि आयोगानें १९५६ सालीं आपला पहिलाच अहवाल सरकारच्या अपकृत्यांवर दिला होता. त्यानंतर १९६५ व १९६७ सालीं विधेयकें आलीं; दोन्ही पडून राहून संपलीं. न्यायालयांनींच मग जमेल तेवढी वाट काढली: कोठडींतल्या मृत्यूबद्दल १९९३ सालीं घटनेच्या आधारें भरपाई देवविली, आणि १९९४ सालीं आंध्रांतील एका व्यापाऱ्याचें जप्त केलेलें खत सरकारच्या ताब्यांत खराब झालें तेव्हां त्याची किंमत सरकारनें द्यावी असें ठरविलें. ह्या निकालांनीं १९६४ च्या निकालाची धार बरीच बोथट झाली आहे. पण ज्याचा माल आज पोलिसांच्या मालखान्यांत पडला आहे त्यास आपला हक्क कोणत्या कलमांत आहे हें विचाराल, तर दाखविण्यास कलम नाहीं. वकिलानें निकालपत्रें काढावयाचीं व न्यायाधीशास पटतें कीं नाहीं तें पहावयाचें. संसदेंत आमचे प्रतिनिधि बसतात. आपल्या शहरांतल्या व्यापारी मंडळांनीं त्यांस हे दोन प्रश्न लेखी विचारावे: सरकारच्या जबाबदारीचें विधेयक पुन्हां कधीं मांडणार, आणि अपकृत्यांचा कायदा लिहिण्यास विधि आयोगास कधीं सांगणार? उत्तरें आलीं तर तीं आम्ही छापूं. न आलीं तर तेंहि छापूं.